बांगलादेशाच्या किनाऱ्यावरील चक्रीवादळे व गावोगावची पूर्वतयारी

गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या तीन महानद्यांचे पाणी एकत्र होऊन जेथे बंगालच्या उपसागराला मिळते, तो बांगलादेशाचा दक्षिण किनारा म्हणजे सर्वस्वी गाळाचा प्रदेश होय. नद्यांचे प्रवाह एका काठाची जमीन खातात आणि दुसरीकडे नवी बेटे उभी करतात. या बेटांना तेथे 'चर' असे नाव आहे. चरावरची माती अत्यंत सुपीक असते व तिला मालक नसतो. त्यामुळे पाण्यातून बेट वर येऊन त्यावर गवत रुजले, की देशातील भूमिहीन शेतकरी तेथे झोपडी घालतो, दोन बैल बांधतो आणि भात लावतो. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनतीन मीटर उंच आहे, हे त्यास ठाऊक नसते असे नाही. परंतु ज्याला दुसरीकडे वीतभरही जमीन नाही, त्याला उंचसखलतेचा विचार परवडत नाही.

या किनाऱ्याची रचनाच संकटास आमंत्रण देणारी आहे. उपसागर उत्तरेकडे नरसाळ्याप्रमाणे निमुळता होत जातो व त्याचा तळही उथळ आहे. चक्रीवादळ या नरसाळ्यात शिरले म्हणजे त्याने पुढे लोटलेले पाणी पसरावयास जागा न मिळून उंच चढते. त्यातच भरतीची वेळ साधली, तर पाण्याची भिंतच किनाऱ्यावर चाल करून येते. चक्रीवादळात माणसे वाऱ्याने मरतात असा सर्वसाधारण समज आहे. या किनाऱ्यावर मात्र वाऱ्यापेक्षा पाणीच अधिक घातक ठरत आले आहे.

वादळांचे ऋतू दोन : एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुर्दैवाने हेच दोन काळ शेतकऱ्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे असतात. एप्रिल-मे महिन्यांत 'बोरो' नावाचे उन्हाळी भात कापणीस येते, तर नोव्हेंबरात 'अमन' हे पावसाळी भात पिकत असते. म्हणजे वर्षभराची बेगमी उभ्या पिकाच्या रूपाने शेतात असतानाच घर सोडून जाण्याची सूचना त्याच्या कानी येते.

१९७० ची रात्र

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री हा प्रदेश पूर्व पाकिस्तान या नावाने ओळखला जात होता. त्या रात्री भोला बेटाच्या परिसरावर आलेल्या चक्रीवादळाने तीन ते पाच लाख माणसांचा बळी घेतला. नोंदल्या गेलेल्या चक्रीवादळांत याहून अधिक प्राणहानी कोणत्याही वादळाने केल्याचे ज्ञात नाही. ताजुमुद्दीन या एकाच तालुक्यात सुमारे १,६७,००० वस्तीपैकी ४५ टक्क्यांहून अधिक लोक नाहीसे झाले. मागाहून झालेल्या पाहणीत असे आढळले, की मृतांपैकी निम्म्याहून अधिक मुले दहा वर्षांच्या आतील होती. वस्तीत या वयाच्या मुलांचे प्रमाण मात्र सुमारे एकतृतीयांशच होते. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर, हातांवर व मांड्यांच्या आतील बाजूस एकाच प्रकारच्या जखमा दिसून आल्या. झाडाच्या बुंध्याला रात्रभर घट्ट कवटाळून राहिल्यामुळे त्या झाल्या होत्या. ज्याच्या बाहूंत बळ होते तो टिकला. मुले, वृद्ध व स्त्रिया यांचे हात सुटले.

या प्रकरणातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट अशी, की लोकांना वादळाची खबर नव्हती असे मुळीच नाही. उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांत वादळ दिसले होते व नभोवाणीवरून सूचनाही दिली गेली होती. त्या भागातील सुमारे ९० टक्के लोकांना वादळ येत असल्याचे कळले होते, परंतु भक्कम इमारतीचा आसरा घेण्यासाठी निघालेले लोक शंभरात एखादाच होते, असे पुढे केलेल्या चौकशीत दिसून आले.

यास लोकांचे अज्ञान वा दैववाद कारणीभूत मानणे सोपे आहे, आणि त्या काळी अनेकांनी तसे मानलेही. परंतु खेड्यातील माणसाच्या जागी उभे राहून पाहिले असता निराळेच चित्र दिसते. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात अशीच एक सूचना दिली गेली होती व ते वादळ फारशी हानी न करता निघून गेले होते. एकदा धावपळ करून हात हलवीत परत आलेला माणूस दुसऱ्या खेपेस लगेच उठत नाही. शिवाय जावयाचे कोठे? पक्की इमारत मैलोगणती दूर. घर उघडे टाकले तर चोरी होण्याचे भय. आणि दावणीला बांधलेल्या गुरांचे काय करावयाचे? ज्या कुटुंबाची सगळी पुंजी म्हणजे एक गाय आणि बैलजोडी, त्या कुटुंबाच्या प्रमुखास गुरे सोडून चला असे सांगणे म्हणजे उद्यापासून उपाशी राहा असे सांगण्यासारखेच होते. तो थांबला, आणि त्याच्याबरोबर त्याचे घरही थांबले.

मदतकार्य संथपणे झाल्यामुळे लोकांत तीव्र असंतोष पसरला. पुढील वर्षी बांगलादेश स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राची तिजोरी रिकामी होती. तरीही किनाऱ्याच्या संरक्षणाचा प्रश्न प्रथम हाती घेतलेल्या कार्यांपैकी एक ठरला.

निशाणे, भोंगा आणि कर्णा

१९७२ साली रेड क्रॉस संघटनेच्या साह्याने 'चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम' सुरू झाला व पुढील वर्षापासून सरकार आणि रेड क्रॉस (आता रेड क्रेसेंट) यांनी तो संयुक्तपणे चालविण्यास घेतला. योजनेचे मर्म असे, की समुद्रावरची बातमी राजधानीतून निघून शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचावी, आणि ती सांगणारा माणूस त्याच गावचा असावा. दोनतीन हजार वस्तीमागे स्वयंसेवकांचा एक गट नेमण्यात आला. गटात कामाची वाटणी ठरलेली असते : काहींनी सूचना द्यावयाची, काहींनी लोकांस निवाऱ्यापर्यंत न्यावयाचे, काहींनी सुटका, काहींनी प्रथमोपचार व काहींनी मदतवाटप पाहावयाचे. आज या कार्यक्रमात सुमारे ७६,००० स्वयंसेवक असून त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. यांपैकी कोणासही वेतन नाही. हातकर्णा, हाताने फिरवावयाचा भोंगा, विजेरी, रेडिओ, प्रथमोपचाराची पेटी व निशाणे एवढीच त्यांची सामग्री.

निशाणांविषयी थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल. बांगलादेशात वादळाचे इशारे क्रमांकांनी दिले जातात. हे क्रमांक मूळचे बंदरांतील जहाजांसाठी ठरविलेले. उदाहरणार्थ, ५, ६ व ७ हे तिन्ही क्रमांक जवळपास सारख्याच धोक्याचे. फरक एवढाच, की वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार हे त्यांवरून कळावे. ८, ९ व १० यांचेही तसेच. जहाजाच्या कप्तानाला ही माहिती अमोल असते. परंतु चरावरच्या शेतकऱ्याला सातावरून आठ झाले म्हणजे धोका एका पायरीने वाढला असे वाटते, व दहा होईपर्यंत थांबावयास हरकत नाही असाही तो हिशेब करतो. स्वयंसेवकांनी या क्रमांकांचे गावच्या भाषेत रूपांतर केले. एक निशाण चढले म्हणजे सावध राहावे व बातम्या ऐकाव्यात. दोन निशाणे चढली म्हणजे निघण्याची तयारी करावी. तीन निशाणे दिसताच घर सोडावे. वाचता न येणाऱ्यासही हे लांबून दिसते.

स्वयंसेवक नुसते भोंगे वाजवीत नाहीत. आरंभीच्या सूचनेनंतर घरोघर सांगावयाच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. तांदूळ, डाळ, काड्यापेटी अशा वस्तू प्लॅस्टिकमध्ये बांधून मडक्यात घालाव्यात व मडके अंगणात खोल पुरून वर खूण करावी. घर वाहून गेले तरी परतल्यावर चार दिवसांचे अन्न हाती लागते. हातपंपाचा वरचा भाग काढून ठेवावा व जमिनीतील नळीचे तोंड प्लॅस्टिकने घट्ट बांधावे, म्हणजे खारे व घाण पाणी नळीत उतरत नाही. पूर ओसरल्यावर गावात पिण्याजोगे पाणी मिळण्याची बहुधा हीच एक जागा उरते. ज्यांची गुरे हलविणे शक्य नसेल त्यांनी निदान दावी सोडावीत. सुटे जनावर पोहून वा उंचवट्यावर चढून वाचू शकते. खुंट्याला बांधलेले जनावर जागीच बुडते. बोरो भाताच्या दिवसांत तेथील कृषी विस्तार खाते आणखी एक सल्ला देते : दाणा ८० टक्के पिकला असेल तर पूर्ण पिकण्याची वाट न पाहता कापणी उरकून घ्यावी. थोडे उत्पन्न घटते, परंतु पीक घरात येते.

१९९१ ने शिकविलेला धडा

सूचनेची व्यवस्था उभी राहिली, तरी सूचना ऐकून निघालेल्या माणसाने जावयाचे कोठे हा प्रश्न बरीच वर्षे तसाच राहिला. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगाव, कॉक्स बाजार, सॅन्द्वीप व कुतुबदिया या भागांवर ताशी सुमारे २३५ किलोमीटर वेगाचे वादळ आले. पाण्याची लाट सहा मीटरपर्यंत चढली. मृतांची संख्या सुमारे १,३८,००० झाली. निशाणे चढली होती, कर्णेही वाजले होते. परंतु सबंध किनाऱ्यावर वादळी निवारे काही शेकड्यांच्याच घरात होते.

त्यानंतरच्या एका पाहणीचे निष्कर्ष या संपूर्ण विषयाच्या मुळाशी जाणारे आहेत. पाहणी केलेल्या वस्त्यांतील जे लोक विटांच्या वा काँक्रीटच्या पक्क्या इमारतीत पोहोचले होते, त्यांपैकी एकही मरण पावला नाही. जे पोहोचू शकले नाहीत, त्यांपैकी शंभरामागे २२ जण दगावले. मृत्यूचे प्रमाण दहा वर्षांखालील मुलांत व चाळिशीपुढील स्त्रियांत सर्वाधिक होते.

स्त्रियांच्या मृत्यूंची कारणे शोधू लागल्यावर निवाऱ्यांच्या रचनेतील दोषही उघड झाले. परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढावी लागेल, स्वतंत्र शौचकूप नाही, घरधनी समुद्रावर वा बाजारास गेलेला असून त्याच्या अनुमतीवाचून निघणे रीतीस धरून नाही, अशा विचारांनी अनेक स्त्रिया शेवटच्या घटकेपर्यंत घरातच थांबल्या होत्या. नंतर पळू लागल्या तो ओले लुगडे पायांत अडकले, कडेवर मूल. हातात कर्णा घेऊन दारात उभा राहिलेला परका तरुण घरातल्या बाईशी किती बोलणार? स्त्री-स्वयंसेवकांची संख्या निम्म्यावर आणण्यामागे हाच अनुभव आहे. त्या थेट स्वयंपाकघरापर्यंत जातात.

निवारा नव्हे, शाळा

१९९१ नंतर निवाऱ्यांचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आला. ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठाचे प्राध्यापक जमिलुर रझा चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांनी किनाऱ्याचा आराखडा तयार केला : धोक्याचा पट्टा कोठवर, कोणत्या गावी पाणी किती चढेल, निवारा किती उंच हवा, किती अंतरावर हवा. नवी इमारत उंच खांबांवर उभी असते व तळमजला मोकळा ठेवलेला असतो. लाट आली तर भिंतीवर न आदळता खांबांमधून निघून जाते.

परंतु या आराखड्यातील सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणजे इमारतीचा नित्याचा उपयोग होय. वर्षातून एखाददुसऱ्या रात्रीसाठी बांधलेली वास्तू उरलेले दिवस ओस पडून राहिली, तर दारे-खिडक्या चोरीस जातात, शौचकूप तुंबतात, छत गळू लागते आणि ऐन वेळी किल्ली सापडत नाही. म्हणून बहुतेक नव्या निवाऱ्यांत प्राथमिक शाळा भरविण्यात आली. शाळेमुळे इमारत झाडलेली राहते, पाण्याची सोय चालू राहते, मुलांना ती वाट पाठ होते, आणि आईला तेथे जाण्याचा संकोच वाटत नाही. आज किनाऱ्यावर असे चार हजारांहून अधिक निवारे आहेत. पुढील काळात बांधलेल्या इमारतींत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या, अपंगांसाठी उतरंडीचा मार्ग, व छपरावरचे पावसाचे पाणी साठविण्याची टाकी यांची योजना करण्यात आली आहे.

गुरांसाठी किल्ला

शेतकऱ्याच्या पायांतील खरी बेडी म्हणजे गुरे, ही गोष्ट ओळखून १९७० च्या आपत्तीनंतर लवकरच मातीचे मोठे उंचवटे बांधण्यात आले. त्यांना तिकडे 'किल्ला' असेच म्हणतात. किल्ला म्हटले की सह्याद्रीतील दगडी तटबंदी डोळ्यांपुढे येणाऱ्या मराठी वाचकास या नावाचे नवल वाटेल. बांगलादेशातील किल्ल्याला तट नाही, बुरूज नाही. जवळच खणलेल्या तळ्याची माती रचून केलेला, माथ्यावर सपाट, कडांना गवत लावलेला असा तो एक टेकाडासारखा भराव असतो. पाणी चढू लागले म्हणजे आसपासच्या गावांची गुरे त्यावर नेऊन उभी करावयाची. खणलेल्या खड्ड्यात पावसाचे गोडे पाणी साठते व त्यात मासळीही धरता येते.

कल्पना साधी, खर्च थोडा आणि उपयोग निश्चित. तरीही मध्यंतरीच्या वर्षांत या किल्ल्यांकडे दुर्लक्ष झाले. पावसाने कडा ढासळल्या, काहींवर झोपड्या पडल्या, काहींची माती लोकांनी आपल्या अंगणात नेली. सिमेंटच्या इमारतीच्या उद्‌घाटनास जसा समारंभ होतो तसा मातीच्या ढिगाच्या डागडुजीस होत नाही, हे त्याचे एक कारण असावे. अलीकडच्या काळात जुन्या किल्ल्यांची दुरुस्ती व नव्यांची बांधणी पुन्हा हाती घेण्यात आली. त्याबरोबरच काही नव्या निवाऱ्यांतील खालचा मजला गुरांसाठी राखून तेथवर चढाचा रस्ता करण्यात आला आहे.

या सर्व खटाटोपाचे फळ आकड्यांत दिसते. १५ नोव्हेंबर २००७ रोजी 'सिद्र' हे अतितीव्र चक्रीवादळ बागेरहाट, बारगुना व पटुआखाली भागांवर आले. त्याचा जोर १९९१ च्या वादळाशी तुलना करण्याजोगा होता. मृत्यू सुमारे ३,४०० झाले. संख्या लहान नव्हे, परंतु १९९१ च्या मानाने तिचा फरक स्पष्ट आहे. २० मे २०२० रोजी 'अम्फान' आले तेव्हा करोनाची साथ जोरात होती. गर्दी टाळण्यासाठी शाळा, महाविद्यालये अशा इतर इमारती उघडून आश्रयस्थानांची संख्या चौदा हजारांवर नेण्यात आली. सुमारे २४ लाख माणसे हलविण्यात आली, आणि त्यांच्याबरोबर पाच लाखांहून अधिक जनावरे. बांगलादेशातील मृत्यू या खेपेस दोन आकड्यांतच राहिले. पटुआखाली जिल्ह्यात लोकांना सावध करण्यासाठी होडीतून निघालेला एक स्वयंसेवक मात्र होडी उलटून बुडाला.

अर्थात हे आकडे शेजारी मांडताना सावधगिरी हवी. प्रत्येक वादळाचा मार्ग वेगळा, भरतीची वेळ वेगळी. सिद्रचा बराचसा मारा सुंदरबनाच्या दाट वनाने झेलला, तर अम्फान प्रथम भारतात, पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर चढले. तरीही पन्नास वर्षांत मृत्यूंची संख्या लाखांवरून दहांवर यावी, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

बांध : रक्षक आणि अडचणही

माणसे व गुरे वाचली, तरी शेत तेथेच राहते. शेताच्या रक्षणासाठी १९६० च्या दशकापासून या किनाऱ्यावर मातीच्या बांधांचे विशाल जाळे उभारण्यात आले. त्यापूर्वी जमीनदारांच्या काळी 'अष्टमासी' बांध घालण्याची रीत होती; आठ महिने खारे पाणी अडवावयाचे व पावसाळ्यात नदीचे गाळाचे पाणी शेतात येऊ द्यावयाचे. नव्या योजनेत सुमारे १२ लाख हेक्टर जमिनीभोवती कायमचे बांध घालून १३९ बंदिस्त खंड करण्यात आले. पाण्याचा निचरा होण्यासाठी जागोजाग उघाड्या बसविल्या. आरंभी भाताचे उत्पन्न चांगलेच वाढले.

काही वर्षांनी दुसरी बाजू दिसू लागली. बांधाबाहेरच्या नदीत गाळ साचून तिचे पात्र उथळ झाले, आणि आतील जमिनीस नवा गाळ न मिळाल्याने ती खचत गेली. खुलना भागातील अशा एका बंदिस्त खंडाची जमीन शेजारच्या सुंदरबनाच्या नैसर्गिक पातळीपेक्षा एक ते दीड मीटर खाली गेली असल्याचे मोजणीत आढळून आले आहे. म्हणजे बांध फुटला असता शेत बशीसारखे भरते आणि भरतीचे पाणी रोज आतबाहेर करू लागते. काही भागांत तर पावसाचे पाणीच बाहेर जाईना. बिल डाकातिया येथे १९९० साली वैतागलेल्या शेतकऱ्यांनी स्वतःच बांध कापून भरतीचा गाळ आत घेतला. त्यांचे करणे कायद्यास धरून नव्हते. परंतु भरतीचा गाळ ठराविक वर्षे एकेका सखल भागात वळवून जमीन उंच करण्याची जी पद्धत पुढे अभियंत्यांनी स्वीकारली, तिचे मूळ त्यांच्या कुदळीत आहे.

२५ मे २००९ रोजी आलेल्या 'आयला' या वादळाने हा दुबळेपणा पुरता उघडा पाडला. वादळ फार तीव्र नव्हते; बांगलादेशात सुमारे १९० मृत्यू झाले. परंतु खुलना व सातखिरा जिल्ह्यांत बांधांना अनेक ठिकाणी खांडी पडल्या. कोळंबीच्या तळ्यांत खारे पाणी घेण्यासाठी बांधांतून नळ खुपसून ते आधीच पोखरले गेले होते, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. खांडी वेळीच बुजल्या नाहीत. भरती-ओहोटीच्या धारेने त्या रुंदावत गेल्या आणि काही ठिकाणी जवळजवळ दोन वर्षे शेतांत खारे पाणी वाहत राहिले. हजारो कुटुंबांनी तो काळ बांधावरच झोपड्या घालून काढला. चारा नाही म्हणून गुरे विकली, काम नाही म्हणून पुरुष शहराकडे गेले. निवाऱ्याने ज्यांचे प्राण वाचविले होते, त्यांचे शेत मात्र कोणी वाचविले नव्हते. पहिल्याच अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापूर्वी खांड बुजविण्यासाठी माती, बांबू, पोती व माणसे हाताशी असणे हादेखील पूर्वतयारीचाच भाग आहे, हे आयलाने दाखविले. २६ मे २०२४ च्या 'रेमाल' वादळात बांध पुन्हा फुटून गोड्या पाण्याची तळी खारावली, तेव्हा हा भाग अद्याप कच्चाच असल्याचेही दिसून आले.

खारे पाणी शिरलेल्या शेतात पहिले काम खांड बुजविण्याचे. त्यानंतर पावसाचे पाणी खाचरांत अडवून ठेवावयाचे व ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडून द्यावयाचे, असे पुनःपुन्हा केल्याने मातीतील क्षार धुऊन निघतात. तळ्यातील खारे पाणी उपसून टाकल्याशिवाय पावसाचे पाणी त्यात साठविण्यात अर्थ नसतो. बियाण्याच्या बाबतीत बांगलादेशाच्या भात संशोधन संस्थेने मोलाचे काम केले आहे. खारेपणा सोसणारी 'ब्री धान ४७' ही बोरो हंगामाची जात २००७ साली व 'ब्री धान ६७' ही २०१४ साली प्रसारित झाली. गोड्या पाण्याच्या पुरात सुमारे दोन आठवडे बुडूनही पुन्हा फुटणाऱ्या 'ब्री धान ५१' व '५२' या जाती २०१० मध्ये आल्या. यांपैकी पहिली म्हणजे आंध्र प्रदेशातील प्रसिद्ध 'स्वर्णा' भातात बुडीत सोसण्याचा गुण संकराने आणून केलेली आहे.

कोकणच्या संदर्भात

वरील वर्णनातील बांध, उघाडी, खांड हे शब्द कोकणातील खारजमिनीच्या शेतकऱ्यास नवे नाहीत. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जाती तेथील खाचरांत लावल्या जातात, आणि खारबांध फुटून शेत नापीक होण्याचा अनुभवही जुनाच आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा माणसे बहुतांशी वेळेवर हलविली गेली. परंतु श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतील नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. बांगलादेशातील शेतकरी एक हंगाम गमावतो. सुपारीच्या बागाइतदाराला नव्या झाडाचे उत्पन्न हाती येण्यास सहासात वर्षे थांबावे लागते. कोणताही निवारा बागेस वाचवू शकत नाही. तेव्हा येथील तयारीचा आराखडा थोडा निराळा असावा लागेल : रोपवाटिकांत नारळ-सुपारीच्या रोपांचा राखीव साठा, पडलेली झाडे तोडण्यासाठी गावातच करवतयंत्रे व ती चालविणारे हात, आणि झाडांची नोंद वादळापूर्वीच कागदावर. नोंद नसली म्हणजे पंचनाम्याच्या वेळी किती झाडे होती यावरच वाद होतो.

राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांचा समावेश होता व त्यात किनाऱ्यावरील निवाऱ्यांची तरतूद होती. ज्या गावी असा निवारा होईल तेथील ग्रामपंचायतीने त्यात शाळा, अंगणवाडी वा ग्रंथालय यांपैकी काय चालवावयाचे, किल्ली कोणाच्या घरी राहावयाची, आणि गुरे कोठे न्यावयाची, हे इमारतीचा नकाशा मंजूर होण्यापूर्वीच ठरवून संबंधित अधिकाऱ्यांस लेखी कळविल्यास नकाशात तसा बदल करणे शक्य होते. खांब उभे राहिल्यावर गुरांसाठी चढाचा रस्ता जोडणे फार खर्चाचे पडते.